सातवा टाका

आमचे हे कमी बोलतात असं लोक म्हणतात, तेव्हा मला हसूच येतं. कमी म्हणजे थोडं तरी झालं ना? कारखाना बंद पडला त्या दिवसापासून ह्यांनी तोंडाला जे कुलूप लावलंय, त्याची किल्ली कुठे ठेवली ते बहुतेक ह्यांनाही आठवत नसावं. चहा ठेवू का, तर "चालेल." नको का, तरी "चालेल." एकदा वैतागून मी म्हटलं, "अहो, घराला आग लागलीय." तर म्हणाले, "बघतो." आणि खिडकीजवळच्या खुर्चीतून तसूभर हलले नाहीत.

माझं तसं नाही. माझ्या तोंडाचा पट्टा सकाळी डोळे उघडले की सुरू होतो, तो रात्री दाराला कडी लावेपर्यंत. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, ती फोनवर म्हणते, "आई, तू बाबांच्या वाट्याचंही बोलून टाकतेस." टाकते. दोन खोल्यांत कुणीतरी बोलायला नको का? नुसत्या पंख्याचा आवाज ऐकत माणसानं किती दिवस काढायचे?

तर ह्यांचं सांगते. बावीस वर्षं हे एका कारखान्यात होते. तिथे कपडे धुण्याच्या मशीनचे बोर्ड बनायचे. म्हणजे मशीनच्या पोटात जी हिरवी पट्टी असते, जिच्यावर सगळे बारीकसारीक भाग बसवलेले असतात, ती. एका लांबच लांब टेबलाशी चाळीस माणसं ओळीनं बसायची. उजवीकडून बोर्ड यायचा, त्यावर आपापले टाके मारायचे आणि तो डावीकडे सरकवायचा. टाका म्हणजे सोल्डरचा थेंब, तारेचं टोक बोर्डाला धरून ठेवणारा. ह्यांची खुर्ची तेरा नंबरची आणि ह्यांचे टाके सहा. सहा मारले की बोर्ड डावीकडे, हात मांडीवर, तेवढ्यात पुढचा बोर्ड हजर. दिवसाला चारशे.

गंमत अशी, की ह्यांच्या हातून लाखांनी बोर्ड गेले, पण आपण टाके मारलेलं मशीन चालताना ह्यांनी एकदाही पाहिलं नाही. बोर्ड तपासायचे ते पार टोकाला, भिंतीपलीकडे. तिथली माणसं वेगळी, त्यांची जेवणाची सुट्टीही वेगळी. आणि आमच्या घरात तर मशीन नाहीच. मी एकदा हट्ट धरला होता, तर म्हणाले, "बिघडलं तर?" म्हटलं, "बिघडलं तर तुम्ही आहात की! तुम्हीच बनवता ना?" तर म्हणाले, "मी सहा टाके मारतो. पुढचं मला काय माहीत?" घ्या! मी कपाळाला हात लावला आणि बादली उचलली.

ह्यांच्या डावीकडे, चौदा नंबरला, डावऱ्या बसायचा. खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते फक्त हजेरीच्या वहीत. डावखुरा होता म्हणूनच त्याला ती जागा मिळाली होती. सातवा टाका बोर्डाच्या डाव्या कडेला, एका उंच, डबीसारख्या भागाच्या आडोशाला असायचा. उजव्या हातानं मारायला गेलं की डबी मध्ये यायची आणि बोटं भाजायची. म्हणून सातवा आणि त्यापुढचे चार डावऱ्याचे. एकोणीस वर्षं हे असंच चाललं. दोघं दिवसभर बोलायचे, पण नजर मात्र बोर्डावर. एकमेकांचं तोंड जेवणाच्या सुट्टीत दिसलं तर दिसलं. तरी घरी आले की ह्यांचं सुरू व्हायचं, "डावऱ्या म्हणाला," "डावऱ्याचं म्हणणं असं." तेव्हा हे बोलायचे, बरं का. फार नाही, पण बोलायचे. हसायचेसुद्धा. डावऱ्याच्या एका थापेवर तर हे रात्री अंथरुणात हसत सुटले होते, आणि मला काय झालं ते धड सांगताही येत नव्हतं.

मग एका मंगळवारी कारखान्याच्या फाटकावर कागद लागला. हे डबा न उघडताच परत आले. खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि बसले.

दोन महिन्यांनी डावऱ्या गेला. भरदुपारी, घरात एकटा असताना, छातीत कळ येऊन. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. त्याची बायको एका दुकानात कामाला आहे, तिथे फोन जवळ ठेवू देत नाहीत. तिला संध्याकाळी दार उघडल्यावर कळलं. आम्ही धावलो. ती माझ्या गळ्यात पडून रडली, मी रडले, शेजारीपाजारी रडले. हे भिंतीला टेकून उभे. डोळ्यांत टिपूस नाही. त्याला पोचवून आले, आंघोळ केली, वाढ म्हणाले आणि जेवले. पोटभर जेवले! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, "अहो, एकोणीस वर्षं मांडीला मांडी लावून बसलात त्याच्या. माणूस आहात की दगड?" तर म्हणाले, "मीठ दे."

त्याला आता अकरा महिने होत आले. अकरा महिने हे तसेच बसून. आजारी म्हणावं तर ताप नाही, खोकला नाही. दाढी वेळेवर, जेवण वेळेवर. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, धक्का बसलाय, कशात तरी गुंतवा. गुंतवा म्हणे! शब्दकोड्यांचं पुस्तक आणलं, त्यात एक अक्षर भरलं नाही. कुंडी आणली, त्यातलं रोप मीच जगवलं. एकदा ह्यांच्या पायावर मुंग्यांची रांग चढत होती. हे बघत होते. झटकल्या नाहीत. चावल्या असतील की नाही? पण चेहरा मख्ख. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले, खोटं कशाला बोलू. माणूस समोर बसलेला आहे आणि घरात कुणी नाही, असं व्हायला लागलं होतं.

मी कामाला लागले ती गावाबाहेरच्या एका खेळाच्या मैदानावर. रंगाच्या गोळ्यांचा खेळ आहे. जुने टायर, पिंपं, प्लायवूडच्या भिंती उभ्या केल्यात, त्यांच्याआड लपायचं आणि एकमेकांवर गोळ्या झाडायच्या. गोळी लागली की फुटते आणि रंगाचा डाग पडतो. खेळायला कोण येतं, तर ऑफिसातली चांगली शिकलेली माणसं. एरवी साहेबाला सर सर करतात, आणि इथे नेमकं त्याच्याच पाठीत घालतात. मी त्यांचे खेळायचे झगे धुते. रंगानं माखलेले, घामानं ओले. दिवसाला तीस-चाळीस.

मैदानाचा मालक तिशीचा आहे. लष्कराची पायरीही चढलेला नाही, पण डोक्यावर सतत टोपी, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणतात. मला मावशी म्हणतो. पोरगा चांगला आहे, फक्त त्या बंदुकीला बंदूक म्हटलेलं त्याला खपत नाही. "मावशी, मार्कर म्हणा, मार्कर! बंदूक म्हटलं की लोक घाबरतात." म्हटलं, "बरं बाबा, मार्कर. पण मारतोच ना?" तो हसतो आणि जातो.

ह्यातले काही मार्कर बॅटरीवर चालतात. चाप नुसता टेकवला की आत एक झडप खट्‌ करते, हवा सुटते आणि गोळी जाते. ती झडप चालवायला मुठीच्या आत बोटाएवढा बोर्ड असतो. एका शहाण्यानं खेळ झाल्यावर रंग जावा म्हणून अख्खा मार्कर नळाखाली धरला. बोर्ड जळला. कप्ताननं नवा बोर्ड मागवला, तो आला, पण मार्कर जुन्या पद्धतीचा. नुसता खोचून बसेना, एकेक तार सोल्डर करायला हवी होती. ज्याच्याकडे तो हे काम द्यायचा त्यानं दुकान बंद केलं होतं.

कप्तान तो बोर्ड हातात घेऊन कुरकुरत बसला होता, आणि मी झगे वाळत घालता घालता बोलून गेले, "आमचे हे करतील."

बोलले आणि जीभ चावली. पण आता काय!

"काकांना येतं?"

"बावीस वर्षं तेच केलंय त्यांनी."

"मग हा एक करून आणा," कप्तान म्हणाला. "जमला तर अजून आठ पडलेत आत. शिवाय दर आठवड्याला काही ना काही निघतंच. इथेच शेडमध्ये टेबल टाकून देतो त्यांना. रोज यायचं."

रोज यायचं! मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. सकाळी उठायचं, चपला घालायच्या, दाराबाहेर पडायचं, चार माणसांत बसायचं. मला ह्यांना त्या खुर्चीतून उठलेलं बघायचं होतं. बाकी कशाचीही मला पर्वा नव्हती. मी मार्कर आणि बोर्ड टॉवेलात गुंडाळला आणि पिशवीत घालून घरी आणला.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी जेवणं झाल्यावर मी टेबल पुसलं, ह्यांच्या खुर्चीसमोर ओढलं आणि त्यावर सगळं मांडलं. कपाटाच्या खालच्या खणातून ह्यांचं सोल्डरचं पेन काढलं. तापल्यावर टोकानं टाके मारायचं ते अवजार, आमच्या घरात त्याला पेनच म्हणतात. सोल्डरच्या तारेचं रीळ काढलं, स्पंज ओला करून ठेवला. तोंडानं माझं चालूच होतं. हे कुणाचं, कुठून आणलं, कप्तान काय म्हणाला, तो नळाखाली धरणारा शहाणा कोण, सगळं. हे "हं" म्हणत होते, आणि कधी म्हणत नव्हते.

मग बराच वेळ त्या बोर्डाकडे बघून हे म्हणाले, "उजेड कमी आहे."

तीन शब्द! मी अक्षरशः पळत जाऊन दिवा आणला.

आणि मग हात चालायला लागले. बाकी माणूस तसाच, डोळे तसेच थिजलेले, पण हात जणू दुसऱ्या कुणाचे. मुठीचे चार स्क्रू काढले, ते बशीत ठेवले. कुठल्या रंगाची तार कुठे होती ते वर्तमानपत्राच्या कडेवर काढून ठेवलं. जुना जळका बोर्ड एकेक टाका वितळवून सोडवला. तारांची टोकं सोलून त्यांना आधी सोल्डर पाजून घेतलं, टोकं चकचकीत झाली. पेन स्पंजवर टेकवलं की चर्र आवाज यायचा आणि राळेचा धूर वर चढायचा. तो वास बावीस वर्षं ह्यांच्या शर्टांना होता. मी नाक मुरडून ते शर्ट धुवायचे. त्या दुपारी मी पदर तोंडाला लावून दाराशी उभी राहिले आणि तो वास घेत राहिले. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू!

पेन टेकवायचं, क्षणभर थांबायचं, तार लावायची, थेंब चमकला की दोन्ही उचलायचं. मग हे थांबले. बोर्ड डावीकडे सरकवला, टेबलाच्या कडेपर्यंत. पेन स्टँडवर ठेवलं. हात मांडीवर घेतले आणि समोर भिंतीकडे बघत बसले.

"झालं?" मी विचारलं.

"माझं झालं."

मला कोण आनंद! मी पुढे झाले आणि पटापट मूठ बसवून चारही स्क्रू आवळून टाकले. तेवढं मला कप्ताननं दाखवलेलं होतं. आत तारा किती, टाके किती, हे मोजायचं मला सुचलंसुद्धा नाही. ह्यांच्या कामात मी कधी बोट घातलं नव्हतं, त्या दिवशी घातलं ते असं.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना बरोबर चला म्हटलं. "कप्ताननं काही विचारलं तर मी काय सांगू? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." वाटलं होतं, हो-नाही चालेल, विनवण्या कराव्या लागतील. पण हे उठले, चपला घातल्या आणि माझ्या अर्धं पाऊल मागून चालत आले. वाटेत पानवाल्यानं हात केला, त्यालाही ह्यांनी मान हलवली. मला तर तिथेच पेढे वाटावेसे वाटले.

शेडमध्ये कप्ताननं बॅटरी घातली, बटण दाबलं. बारीकसा हिरवा दिवा लागला.

"वा, काका!" कप्तान म्हणाला.

मी ह्यांना कोपरानं ढोसलं. "बघा! पेटला की तुमचा बोर्ड!" बावीस वर्षांत पहिल्यांदा हे आपण टाके मारलेली वस्तू जिवंत झालेली बघत होते. हे दिव्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हं."

कप्ताननं चाप टेकवला. काही नाही. पुन्हा टेकवला. दोनदा, चारदा. दिवा हिरवा, पण आत खट्‌ नाही की फट् नाही. कप्ताननं मूठ उघडली, आत डोकावला आणि हसला. "काका, एक राहिलाच की!"

डाव्या कडेला एक काळी तार मोकळीच होती. टोक छान सोललेलं, सोल्डर पाजलेलं, चमकणारं. फक्त बोर्डाला लावलेली नाही.

ह्यांनी वाकून बघितलं. जरासुद्धा न गडबडता म्हणाले, "तो माझा नाही."

"म्हणजे?"

"सातवा डावऱ्याचा. मी माझे सहा मारले आणि सरकवला."

"डावऱ्या कोण?" कप्ताननं माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात बाहेर ऑफिसवाल्यांचा घोळका आला आणि आरडाओरडा सुरू झाला. "त्या फळीवर सोल्डरचं सगळं सामान आहे मावशी, बसा निवांत," म्हणून तो सटकला. शहाणा आहे पोरगा.

आदल्या दुपारी ह्यांनी बोर्ड डावीकडे का सरकवला, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. टेबलाच्या डावीकडे कुणी नव्हतं. हात मांडीवर घेऊन हे थांबले होते, डावऱ्यासाठी. आणि मी मूर्ख बाई स्क्रू आवळून मोकळी झाले होते.

आता एक सांगते. हे मी लेकीलाही सांगितलेलं नाही.

कारखाना बंद झाल्यावर डावऱ्या रोज दुपारी ह्यांना फोन करायचा. "काय करतोस?" "बसलोय." "मीपण." मग दोघंही गप्प, फोन कानाला. तासतासभर! फोन ठेवला की हे आणखीनच खचलेले दिसायचे, रात्री जेवायचे नाहीत. मला त्या फोनचा राग यायला लागला होता. डावऱ्या गेला त्या दुपारी हे चार रात्रींच्या जाग्रणानंतर पहिल्यांदा झोपले होते. घोरत होते. मी पाय न वाजवता वावरत होते. आणि फोन वाजला. डावऱ्याचं नाव. मी मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा बसलोय-बसलोय सुरू. आणि मी फोन कापला. लाल बटण दाबलं आणि फोन उशीखाली सारला. तो पुन्हा वाजला नाही.

संध्याकाळी कळलं तेव्हा लोक सांगत होते, फोन त्याच्या हातातच होता म्हणे. डॉक्टर म्हणाले, कुणी लगेच पोचलं असतं तर कदाचित. दोन गल्ल्या! हे धावत गेले असते तर पाच मिनिटं लागली नसती. आणि मी गप्प राहिले. जगातल्या सगळ्या गोष्टी बोलणारी मी, हे एक वाक्य अकरा महिने गिळून बसले. वर ह्यांनाच दगड म्हणत राहिले, कारण ह्यांना बोल लावला की माझा मला विसर पडायचा.

शेडमध्ये धुवायच्या झग्यांचा ढीग पडला होता. हे एका पालथ्या खोक्यावर बसले. मी पेन तापायला लावलं आणि ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी काळी तार चिमट्यात धरली, पेन तिच्यावर नेलं आणि हात तिथेच थांबला. खाली येईना. बाहेर गोळ्या फुटत होत्या, माणसं खिदळत होती. सोल्डरचा थेंब पेनाच्या टोकावर काळा पडत चालला.

"मला येत नाही," हे म्हणाले.

"एवढासा टाका येत नाही?"

"मी कधी मारलेला नाही."

"मग आता मारा!"

"तो मारेल."

आणि माझा तोल गेला. "मेला तो!" मी ओरडले. "अकरा महिने झाले मरून! आता तो यायचा नाही तुमचा टाका मारायला, समजलं? सगळ्या जगानं रडून घेतलं, तुम्ही एक थेंब काढला नाहीत, आणि आता म्हणे तो मारेल!"

ह्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. कितीतरी दिवसांत असं कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं. आणि काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं.

"फोन मी कापला होता."

"माहीत आहे," हे म्हणाले.

मला वाटलं, ह्यांना नीट ऐकू आलेलं नाही. "अहो, त्या दुपारचा. तुम्ही झोपला होता. डावऱ्याचा फोन आला होता, तो मी..."

"माहीत आहे. संध्याकाळी फोन बघितला ना मी. उचलला नाही तर एक खूण येते. कापला तर वेगळी येते."

म्हणजे हे त्याला पोचवायला गेले तेव्हा ह्यांना माहीत होतं. जेवायला बसले, मी दगड म्हटलं, तेव्हा माहीत होतं. अकरा महिने माझ्या हातचा चहा घेत होते, माझी बडबड ऐकत होते, आणि ह्यांना माहीत होतं.

"मग बोलला का नाहीत?" मी म्हटलं. "शिव्या घालायच्या. दोन थोबाडीत द्यायच्या. काहीतरी करायचं!"

ह्यांनी पेनाचं टोक स्पंजवर पुसलं. विचार करत होते, की टोक काळं पडलं म्हणून पुसत होते, सांगता येत नाही.

"बोललो असतो तर तूही बसली असतीस," हे म्हणाले. "दोघंही बसून राहिलो असतो, तर उठवलं कुणी असतं?"

आवाज अगदी सपाट. त्यात माया होती की राग, मला आजही कळलेलं नाही, आणि विचारायची छाती होत नाही.

मला रडू यायला हवं होतं. एरवी मला कशानंही येतं, कांदा चिरण्याआधी येतं. त्या दिवशी आलं नाही. मी त्या झग्यांच्या ढिगावर बसले. ओल्या रंगाचा गारवा साडीतून लागत होता, तो कळत होता आणि कळत नव्हता. बाहेर शिट्टी वाजली, खेळ संपला, दुसरा सुरू झाला. मी बसून होते. डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं.

"अगं, ऊठ," हे म्हणाले.

मी बघितलं.

"ऊठ. दिवा धर. डावी कड दिसत नाहीये मला."

मी उठले आणि फळीवरचा दिवा घेऊन धरला. उजव्या हाताला ती कड खरंच अवघड होती, मनगट वळत नव्हतं. पहिला टाका सुटला. दुसऱ्याला बोट भाजलं, ह्यांनी "स्स" केलं आणि बोट तोंडात घातलं. तिसरा बसला. वाकडा, ओबडधोबड, बाकीच्या सहांशेजारी अगदी परका दिसत होता. ह्यांनी मूठ न लावताच बटण दाबलं आणि चाप टेकवला. आत खट्‌ वाजलं.

हे पुन्हा टेकवत राहिले. खट्‌, खट्‌, खट्‌. मग मार्कर खाली ठेवला आणि विचारलं, "बाकीचे आठ कुठे आहेत?"

मी फळीकडे बोट दाखवलं. ते आणायला हे स्वतः उठले. मी परत खाली बसले.